वकील न लावता परस्पर संमतीने घटस्फोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोट दोघांनाही हवा आहे, भांडण्यासारखं फार काही उरलेलं नाही, पण वकिलाची फी झेपत नाही किंवा तिसरा माणूस मध्ये नको आहे, अशा जोडप्यांचे प्रश्न आमच्याकडे सतत येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या कोर्टांना धरून आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: वकील नाही म्हणून फार कमी प्रकरणं अडतात, अटी अर्धवट लिहिल्या म्हणून मात्र पुष्कळ अडतात. तेव्हा प्रश्न ९ ते १२ कुणीही गाळू नयेत.

१. वकील न लावता घटस्फोट खरंच मिळतो का? कोर्ट आम्हाला उभं तरी करेल का?

मिळतो, आणि ही कुणाची मेहेरबानी नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे कौटुंबिक न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणं हा कुठल्याही पक्षकाराचा हक्क नाही. नवरा-बायकोने स्वतः न्यायाधीशांशी बोलावं अशीच या कायद्याची रचना आहे. वकील हवा असेल तर परवानगी मागावी लागते. ती सहसा मिळते, म्हणून आवारात एवढे काळे कोट दिसतात. न्यायाधीशांना गरज वाटली तर ते एखाद्या जाणकार वकिलाची मदत न्यायमित्र म्हणून घेऊ शकतात.

कौटुंबिक न्यायालय नसलेल्या ठिकाणी प्रकरण दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतं. तिथेही स्वतः हजर राहून बाजू मांडायची मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. मात्र तुमच्या वतीने भाऊ, मामा किंवा ओळखीतले साहेब युक्तिवाद करू शकत नाहीत.

२. मग सगळ्यांनीच असं करावं का? वकील कधी घ्यावाच?

नाही. दोघांची संमती पक्की असेल, हिशेब उघड असतील आणि कुणी कुणाला घाबरत नसेल, तर स्वतः करा. पण घरात मारहाण झालेली असेल, सही करण्यासाठी दबाव असेल, नवऱ्याची किंवा बायकोची मिळकत नेमकी किती हेच ठाऊक नसेल, धंद्यात किंवा शेतजमिनीत दोघांचे पैसे अडकले असतील, फौजदारी केस चालू असेल (प्रश्न १७) किंवा मुलांच्या ताब्यावरून वाद असेल, तर एकट्याने जाऊ नका. एकतर्फी, म्हणजे क्रूरता किंवा परित्याग अशा कारणांवरून घटस्फोट मागायचा असेल तर सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, समोरच्याचा उलटतपास, कागदांना निशाणी क्रमांक पाडून घेणं हे सगळं येतं. कायदा तिथेही स्वतः लढू देतो, पण चांगला उलटतपास घेणं हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम आहे. माझा सल्ला: तिथे वकील घ्याच. पैसे नसतील तर प्रश्न ८ पाहा.

३. नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर दोघांनी सह्या केल्या आहेत. झाला ना घटस्फोट?

नाही. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्याने, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशानेच मोडतं. स्टॅम्प पेपर १०० चा असो की ५०० चा, त्यावरची 'सोडचिठ्ठी' तुम्ही कधीपासून वेगळे राहता याचा फार तर पुरावा होईल. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि ज्या मुलीशी लग्न केलं तिला पत्नीचा दर्जा मिळत नाही, म्हणजे तिची काही चूक नसताना तीही त्यात भरडली जाते.

जातपंचायतीच्या काडीमोडीचंही विचारतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण तशी रूढी जुनी, अखंड आणि सर्वमान्य आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते सोपं नाही. पंच दंड मागत असतील किंवा वाळीत टाकायची धमकी देत असतील, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ तुमच्या बाजूने आहे.

४. आमच्यावर कोणता कायदा लागू होतो?

तुमचं लग्न कोणत्या कायद्याखाली झालं त्यावर ते ठरतं. हिंदू, बौद्ध, जैन, शीख जोडप्यांना हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम १३ब. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न केलेल्यांना त्या कायद्याचं कलम २८. या दोन्हींतल्या अटी जवळपास सारख्याच आहेत आणि खालची उत्तरं याच दोन कायद्यांसाठी आहेत.

मुस्लिम जोडप्यांमध्ये परस्पर संमतीने होणाऱ्या घटस्फोटाला मुबारत म्हणतात. कौटुंबिक न्यायालयाकडून त्यावर वैवाहिक स्थितीची घोषणा मिळवता येते, आणि पुढच्या कागदपत्रांसाठी ती घेऊन ठेवणं शहाणपणाचं. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आहे. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्याचं कलम १०अ आहे आणि त्यात वेगळं राहण्याची मुदत २ वर्षं लिहिलेली आहे. पारशी विवाहांचा कायदा १९३६ चा, कलम ३२ब. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. तिथे मालमत्तेचं गणितही वेगळं आहे, म्हणून गोव्यात लग्न नोंदवलेल्यांनी या पानावर विसंबून राहू नये.

५. आम्ही अजून एकाच घरात राहतो. '१ वर्ष वेगळं राहणं' यात बसतं का?

बसू शकतं. कलम १३ब तीन गोष्टी मागतं: याचिका दाखल करण्याआधी किमान १ वर्ष वेगळं राहणं, एकत्र नांदणं शक्य न होणं, आणि लग्न संपवावं यावर दोघांचं एकमत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेश्ता देवी प्रकरणात स्पष्ट केलं की वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. छप्पर एकच असलं तरी चालतं. मुंबईत भाडी परवडत नाहीत म्हणून एक जण हॉलमध्ये आणि एक बेडरूममध्ये असं वर्ष काढलेली जोडपी पुष्कळ आहेत. याचिकेत ते सरळ लिहा: अमुक तारखेपासून एकाच पत्त्यावर राहत असूनही वैवाहिक संबंध नाहीत. खोटा वेगळा पत्ता दाखवू नका. प्रतिज्ञेवरचं खोटं उघड झालं तर सगळंच ढासळतं.

६. याचिका कोणत्या गावात दाखल करायची?

लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, किंवा ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जिथे राहतो, यापैकी कुठेही. पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही. संयुक्त याचिकेत दोघंही अर्जदार असतात, त्यामुळे पत्नीच्या माहेरच्या गावी दाखल करणं बहुतेकांना सोयीचं पडतं. मुंबईचं कौटुंबिक न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पुण्याचं शिवाजीनगरला. तुमच्या जिल्ह्यात ते नसेल तर काय, हे प्रश्न १ मध्ये आलं आहे.

७. कागदपत्रं कोणती लागतात? आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नाही.

नोंदणी नाही म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. विधी झाले असतील तर लग्न झालं. लग्नपत्रिका, मंगलाष्टकांच्या वेळचा किंवा सप्तपदीचा दोघं स्पष्ट दिसणारा फोटो आणि प्रतिज्ञापत्र यांवर काम भागतं. नोंदणी असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा. शिवाय दोघांचे आधार, राहत्या पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि आधी कुठली केस झाली असेल तर तिचे कागद. मूळ कागद जवळ ठेवा, फायलीत झेरॉक्स लावा, आणि मूळ कागद प्रत्येक तारखेला सोबत न्या.

८. खर्च किती येतो?

घटस्फोटाच्या याचिकेचं कोर्ट शुल्क किरकोळ असतं. त्यातही महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी आणि घटस्फोटासारख्या प्रकरणांत महिला पक्षकारांना शुल्कमाफी दिलेली आहे. फायलिंगच्या खिडकीवर हे स्वतःहून विचारा, कुणी आठवण करून देईलच असं नाही. बाकी खर्च टायपिंग, झेरॉक्स आणि नकलांचा. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा त्यासाठी बाहेरून महागडा स्टॅम्प पेपर घेऊ नका. 'महिन्याभरात करून देतो, आतली ओळख आहे' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

फुकट वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी ही मदत मिळते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. देशभरचा मदत क्रमांक १५१००.

९. याचिका लिहायची कशी? मराठीत चालते का?

मराठीत चालते. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठीच आहे. भाषा साधी ठेवा, वाक्यं लहान ठेवा, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या.

वर न्यायालयाचं नाव, मग याचिकाकर्ता क्र. १ आणि क्र. २ यांची पूर्ण नावं, वय, व्यवसाय, पत्ते. पुढे लग्न कधी, कुठे, कोणत्या पद्धतीने झालं. लग्नाआधी दोघांची स्थिती, म्हणजे अविवाहित, घटस्फोटित की विधुर वगैरे. मुलं असतील तर त्यांची नावं आणि जन्मतारखा. कधीपासून वेगळे राहता. पटलं नाही आणि समेटाचे प्रयत्न फसले, इतकं दोन ओळींत. इथे पानंच्या पानं भांडण लिहायचा मोह होतो, तो आवरा. परस्पर संमतीत दोष कुणाचा हे सिद्ध करायचंच नसतं, आणि सासूबाईंबद्दल लिहिलेला एक परिच्छेद वाचून समोरच्याची संमती डळमळल्याची उदाहरणं आहेत. मग संमती जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली नाही हे विधान, याच विषयावर दुसरीकडे प्रकरण प्रलंबित आहे की नाही, या कोर्टाला अधिकार कसा पोहोचतो, ठरलेल्या अटी आणि शेवटी मागणी. त्याखाली दोघांच्या सह्या आणि सत्यापन, म्हणजे वर लिहिलेलं खरं असल्याचं विधान. अटी स्वतंत्र कागदावर जोडल्या तरी चालतात, पण प्रत्येक पानावर दोघांची सही हवी.

१०. अटींमध्ये नेमकं काय लिहायचं? 'आमचं सगळं ठरलंय' एवढं पुरत नाही का?

पुरत नाही. 'ठरलंय' म्हणणाऱ्या दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं तर दोन उत्तरं येतात. आज एकमेकांबद्दल सद्भावना आहे तोवरच हे लिहून घ्या. दोन वर्षांनी एकाचं दुसरं लग्न झालं, एकाची नोकरी गेली, की तोंडी ठरलेलं कुणालाच तसंच आठवत नाही.

पैशांची अट कशी असावी याचा नमुना: 'याचिकाकर्ता क्र. १ हे याचिकाकर्ती क्र. २ यांना एकरकमी कायम पोटगीपोटी रु. ८,००,००० देतील. पैकी रु. ४,००,००० ही याचिका दाखल करतेवेळी बँकेमार्फत दिले असून ते क्र. २ यांना मिळाले आहेत. उर्वरित रु. ४,००,००० चा डिमांड ड्राफ्ट ते अंतिम निकालाच्या दिवशी न्यायालयासमोर देतील.' यात रक्कम आहे, कधी आहे, कसे आहे आणि आधी मिळालेल्याची पोच आहे. 'नंतर सोयीने देईन' अशी अट कधीही मान्य करू नका. रोखीने तर देऊच नका आणि घेऊही नका.

स्त्रीधन पत्नीचं असतं, ते परत देणं हा उपकार नव्हे. त्याची यादी करा: पाटल्या दोन, मंगळसूत्र एक, वजन ग्रॅममध्ये, कुठल्या बँकेच्या लॉकरमध्ये, कोणत्या तारखेला परत मिळालं. भांडी-फर्निचरचं एका ओळीत संपवा. मग एकत्र खाती, मुदतठेवी, दोघांच्या नावाचं कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, गाडी. एकमेकांवरच्या केसेस कोण, कधी, कुठल्या कोर्टातून मागे घेणार तेही इथेच. घराचं आणि मुलांचं पुढे वेगळं सांगितलं आहे.

११. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि कर्ज चालू आहे. तो अटींमध्ये एकाला दिला की झालं?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात. अटींमध्ये लिहिल्याने तुमच्यापुरतं ठरतं, बँकेवर ते बंधनकारक नसतं. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव आहे तोवर हप्ता चुकला की बँक तुमच्याही मागे येणार, हुकूमनामा दाखवून उपयोग नाही. म्हणून याचिका दाखल करण्याआधी बँकेत जाऊन विचारा: एकट्याच्या नावावर कर्ज ठेवायला त्या एकाचा पगार पुरतो का? बँक नाही म्हणाली तर घर विकून कर्ज फेडणं आणि उरलेले पैसे ठरल्याप्रमाणे वाटून घेणं हाच सरळ मार्ग.

दुसरं म्हणजे नोंदणी. घर हा याचिकेचाच विषय नसेल तर नुसत्या हुकूमनाम्यावर मालकी बदलत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ही सवलत पती-पत्नी असेपर्यंतच आहे. निकाल लागला की तुम्ही कायद्याने परके, मग पूर्ण दराने शुल्क भरावं लागू शकतं. तेव्हा दस्त निकालाआधी करायचा की नंतर, हे दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करून आधीच ठरवा. त्यानंतर सोसायटीच्या भाग दाखल्यावर नाव बदला. बाकी सगळं स्वतः करा, पण या एका कागदासाठी तासाभराची फी भरून वकिलाला विचारलंत तर ते पैसे वाया जाणार नाहीत.

१२. मुलांच्या ताब्याचं आम्ही ठरवलं की कोर्ट ते मान्य करतंच का?

बहुधा करतं, पण न्यायाधीश मुलाचं हित स्वतंत्रपणे पाहतात. ताबा कुणाकडे, भेटी कधी, शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च कुणी करायचा, हे सगळं स्पष्ट हवं. 'वडील हवं तेव्हा भेटू शकतील' हे वाक्य ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं, पण भांडणाचं मूळ तेच होतं. त्याऐवजी असं लिहा: महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६. गणपतीचे पहिले दोन दिवस एकाकडे, दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग एका वर्षी आईकडे, पुढच्या वर्षी वडिलांकडे. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. मूल आणायचं कुठून, सोडायचं कुठे. रात्री मुक्काम चालेल का. परदेशी न्यायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं. पासपोर्टसाठी सही देण्याची हमी.

मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, आईने 'मला काही नको' म्हटलं तरी तो संपत नाही. आणि ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली नंतरही बदल मागता येतो.

१३. 'भविष्यात कधीही पोटगी मागणार नाही' असं लिहून दिलं तर हक्क कायमचा जातो का?

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असतं, पण ते समजतात तितकं पक्कं नाही. नागेंद्रप्पा नाटीकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं की भविष्यातली पोटगी सोडून देणारी तडजोड सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि तिच्यामुळे पुढच्या दाव्याचा रस्ता बंद होत नाही. म्हणून देणाऱ्याने नुसत्या या वाक्यावर निश्चिंत राहू नये. वाजवी रक्कम खरोखर दिली असेल तर तोच त्याचा खरा आधार. आणि बायकांनो, कमावत्या नसाल तर 'लवकर मोकळं व्हायचंय' म्हणून शून्यावर सही करू नका. स्वाभिमान समजतो, पण औषधपाण्याचा खर्च पुढेही असणारच आहे.

१४. याचिका दाखल केल्यावर पुढे काय होतं?

फायलिंगला कागद तपासले जातात, त्रुटी निघाल्या तर दुरुस्त करून परत द्यायचे. क्रमांक पडला की १६ अंक-अक्षरांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि रोजनामा दिसतो, हेलपाटा वाचतो. मग विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कायद्याने ठरवलेलं कर्तव्य आहे, तेव्हा समुपदेशकांवर चिडू नका. त्या तुम्हा दोघांशी एकत्र आणि वेगवेगळं बोलतात, संमती स्वतःची आहे ना हे पाहतात, अटी वाचून घेतात आणि अहवाल देतात. काही सांगायचं राहिलं असेल, विशेषतः दबाव असेल, तर ते इथेच बोला.

दिल्लीकडचे नातेवाईक 'फर्स्ट मोशन, सेकंड मोशन' म्हणतात, त्याने गोंधळू नका. आपल्याकडे सहसा दुसरी याचिका वेगळी करावी लागत नाही. हीच याचिका मुदतीनंतर पुढे चालते.

१५. ६ महिने थांबावंच लागतं का? एका क्रिकेटपटूचं तर लगेच झालं म्हणे.

कलम १३ब (२) प्रमाणे दाखल केल्यापासून ६ महिने थांबायचं असतं. अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी सांगितलं की ही मुदत माफ करता येते. पण त्यासाठी दाखल करण्याआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न थकलेले हवेत, पोटगी-मुलं-मालमत्ता यांचा खरा निकाल लागलेला हवा आणि थांबल्याने फक्त त्रास लांबणार असं कोर्टाला पटायला हवं. याचिका दाखल केल्यावर आठवड्याभराने हा अर्ज करता येतो. त्यात ही चार कारणं तारखांसकट लिहा, नुसतं 'घाई आहे' म्हणू नका. त्या क्रिकेटपटूच्या प्रकरणात जोडपं अडीच वर्षांहून जास्त काळ वेगळं राहत होतं, आणि मुदत माफ झाली ती २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गेल्यावर. नुसतं नाव मोठं असल्याने ती मिळाली नाही.

१६. शेवटच्या तारखेला न्यायाधीश काय विचारतात? भीती वाटते.

पुकारा झाला की दोघांनी पुढे जायचं. पुराव्याचं प्रतिज्ञापत्र आधीच दिलेलं असतं. साधारण विचारतात: लग्न कधी झालं, कधीपासून वेगळे आहात, कुणाचा दबाव आहे का, अटी वाचल्यात का, पैसे मिळाले का, परत विचार करायचा आहे का. खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. 'सर' किंवा 'मॅडम' म्हटलेलं चालतं. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणा. रडू आलं तरी कामकाज थांबत नाही, पाणी देतात. सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय कायद्यात आहे, तशी विनंती करता येते. दुसऱ्या हप्त्याचा ड्राफ्ट त्याच दिवशी कोर्टासमोर द्या आणि तो मिळाल्याची पर्सिस, म्हणजे छोटं लेखी निवेदन दाखल करा.

१७. ४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाची केस चालू आहे. घटस्फोटाबरोबर ती आपोआप संपते का?

संपत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या गुन्ह्याचं कलम भारतीय न्याय संहितेत ८५ झालं आहे, जुन्या केसेस जुन्याच कलमाखाली चालतात. समझोता झाला असला तरी केस रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. बी. एस. जोशी प्रकरणापासून, म्हणजे २००३ पासून, वैवाहिक तडजोडीत उच्च न्यायालयं असे खटले रद्द करत आली आहेत. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मात्र ज्या दंडाधिकाऱ्यांकडे आहे तिथूनच मागे घेता येतो. दोन कोर्टं आणि पैशांचे टप्पे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून इथे वकील घ्या (प्रश्न २).

१८. मध्येच एकाने संमती काढून घेतली तर? किंवा तारखेला आलाच नाही तर?

हुकूमनामा होईपर्यंत संमती टिकायला हवी. कलम १३ब (२) मध्ये याचिका पुढे चालवण्यासाठी दिलेले १८ महिने म्हणजे संमती मागे घ्यायची मुदत नव्हे, हे २०११ मध्ये हितेश भटनागर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. एक जण मागे फिरला की परस्पर संमतीचा घटस्फोट होत नाही, आणि गैरहजेरीत तो 'एकतर्फी' करून मिळत नाही. पहिला हप्ता घेऊन कुणी फिरला तर कोर्ट त्याला जाब विचारू शकतं, पण त्याच्याकडून संमती वदवून घेऊ शकत नाही. म्हणूनच पैसे टप्प्यांत आणि मोठा टप्पा शेवटच्या दिवशी. संमती गेली तर कारण दाखवून वेगळी याचिका करणं एवढाच मार्ग उरतो.

उलटंही होतं. भांडून चाललेल्या केसमध्ये दोघांचं जमलं तर त्याच प्रकरणाचं रूपांतर परस्पर संमतीत करण्याचा अर्ज देता येतो, नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

१९. मी पुण्यात, नवरा अमेरिकेत. त्याला यावंच लागेल का?

प्रत्येक वेळी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात परदेशातल्या जोडीदाराच्या वतीने मुखत्यारामार्फत याचिका दाखल करायला आणि संमती व्हिडिओवरून नोंदवायला परवानगी दिली आहे. मुखत्यारपत्र जवळच्या नातेवाइकाच्या, सहसा आई-वडिलांच्या नावाने करा. त्यात या घटस्फोटाचा स्पष्ट उल्लेख हवा, सरसकट मुखत्यारपत्र पुरत नाही. ते तिथे नोटरी आणि अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) करून किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवायचं आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. व्हिडिओसाठी अर्ज आधी द्या, आणि कोर्टाच्या वेळेला तिकडे मध्यरात्र असेल हे त्यांना सांगून ठेवा.

२०. निकाल लागला. दुसरं लग्न कधी करता येईल?

कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ (२) प्रमाणे दोघांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, त्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ ची अपीलाच्या मुदतीची अडचण सहसा येत नाही. तरीही शंका नको असेल, विशेषतः निकाल वरिष्ठ स्तर न्यायालयातला असेल, तर ९० दिवस थांबा. हुकूमनाम्याच्या तीन-चार प्रमाणित नकला एकदमच काढा. पासपोर्ट, बँक, सोसायटी, नवं लग्न नोंदवताना, सगळीकडे ती मागतात. भविष्य निर्वाह निधी आणि विम्यातलं नॉमिनेशन आपोआप बदलेल असं धरून चालू नका. ते त्याच आठवड्यात स्वतः बदला.

२१. आमचा घटस्फोट अमेरिकेतल्या कोर्टात झालाय, लग्न नाशिकला हिंदू पद्धतीने झालं होतं. इथे तो चालतो का?

दोघंही तिथे स्वतःहून हजर राहिला असाल, दोघांनी संमती दिली असेल आणि आपल्या कायद्याला मान्य असलेल्या कारणावर निकाल असेल, तर चालू शकतो. वाय. नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ही कसोटी घालून दिली. एकाने तिथे अर्ज केला, दुसऱ्याला फक्त नोटीस आली आणि 'लग्न सुधारण्यापलीकडे मोडलं' एवढ्याच कारणावर हुकूम झाला असेल, तर इथल्या कायद्याने तुम्ही अजून विवाहित आहात असं धरूनच चाला. आपल्याकडे त्या कारणावर घटस्फोट फक्त सर्वोच्च न्यायालय, घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली देऊ शकतं, हे १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने स्पष्ट झालं आहे. अशा वेळी इथे नव्याने कलम १३ब खाली संयुक्त याचिका करा. दोघं तिकडेच असाल तर प्रश्न १९ मधली पद्धत दोघांनाही वापरता येण्यासारखी आहे, फक्त दोघांचे मुखत्यार वेगवेगळे ठेवा.